गावातला लेखन कट्टा टिकवायचा कसा? आमचं सांगते, तुमचं सांगा

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज निवांत बसून लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचा कट्टा चिपळूणचा. जानेवारी २०१३ मध्ये ८६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे झालं, नागनाथ कोत्तापल्ले अध्यक्ष होते. तीन दिवस गावात जत्रेसारखी गर्दी होती. मांडव उतरला आणि आम्हा काही जणांना चुकल्यासारखं वाटायला लागलं. त्यातूनच ठरलं की महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चार वाजता भेटायचं. ज्याने जे लिहिलं असेल ते त्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. एका शाळेने वर्गखोली दिली, ती आजतागायत आहे. पहिल्या बैठकीला तेवीस जण आले होते. आता सात, फार तर नऊ. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर मात्र एकशे चाळीस नावं आहेत. सुप्रभात, वाढदिवस आणि फॉरवर्ड केलेल्या कविता येत असतात.

आमचे नियम थोडेच आहेत. वाचण्याआधी प्रस्तावना करायची नाही. "मला यात असं म्हणायचं होतं" हे वाक्य आमच्याकडे बाद आहे. जे म्हणायचं ते कागदावर असलं पाहिजे. कविता दोनदा वाचायची. पहिल्यांदा फक्त ऐकायची, दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घ्यायची. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत लिहिणाऱ्याने गप्प बसायचं. आणि "छान", "सुंदर" एवढ्यावर कुणाला सुटका नाही. कुठली ओळ आवडली, कुठे कान अडखळला, ते सांगायचं.

प्रश्न असा की संख्या वाढावी म्हणून काही सभासदांनी सुचवलंय, दर वर्षी फी घेऊन कविसंमेलन भरवू, सहभागी प्रत्येकाला प्रमाणपत्र आणि सन्मानचिन्ह देऊ. लोक येतील हे खरं आहे. पण त्या दिवशी कोण कुणाचं ऐकेल? आपली कविता झाली की लोक उठून गाडी काढतात, हे मी चार ठिकाणी पाहिलंय. माझा या कल्पनेला विरोध आहे आणि त्यामुळे कट्ट्यावर थोडी कटुताही आली आहे.

दुसरं म्हणजे आम्हाला एक छोटी पुस्तिका छापायची आहे. त्याबद्दल कुणाला माहिती असेल तर हवी आहे. तुमच्या गावात कसं चालतं?

पेठेतला_वाचक

ताई, सात-नऊ माणसं ही कमी नव्हेत. पुण्यात १९२३ च्या सुमारास रविकिरण मंडळ जमायचं तेव्हा तेही सात-आठ जणच होते. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर आणि मनोरमा रानडे, वि. द. घाटे, दिवाकर. रविवारी एकत्र यायचं, चहा घ्यायचा, एकमेकांच्या कविता ऐकायच्या. कविता सभेत चालीवर म्हणायची पद्धत यशवंत आणि गिरीश यांनी लोकांच्या अंगवळणी पाडली, तिचं मूळ त्या छोट्या बैठकीत आहे. त्यांच्यात सुनीतावरून (म्हणजे चौदा ओळींच्या कवितेवरून), छंदावरून वाद होत, पण कविता पुढ्यात असायची.

मोठ्या संमेलनांचा उगमही असाच लहान आहे. मे १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकार जमले, त्यालाच आपण आज पहिलं संमेलन म्हणतो. उद्देश साधा होता, लिहिणाऱ्यांनी एकमेकांना भेटावं.

तुमचा "दोनदा वाचायचं" हा नियम मी आमच्याकडे सुचवणार आहे. एकदा ऐकून मत देण्याची घाई आमच्याकडे फार होते.

तिसरी_पाळी

वरच्या प्रतिसादात १८७८ आलं म्हणून १८८५ सुद्धा यायला हवं. पुढच्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं होतं. ते गेले नाहीत, पत्र पाठवलं. जे लोक आम्हाला माणूस म्हणून हक्क द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा रोख आहे. पुढे १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, अण्णा भाऊ साठ्यांनी उद्घाटन केलं. ती वेगळी चूल मांडावी लागली, कारण आधीच्या पंगतीत पाटच नव्हता.

हे तुमच्यावर टीका म्हणून लिहीत नाही. पण माणसं का येत नाहीत असं विचारताना आधी कोण येऊ शकत नाही ते बघा. मी इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतो. आमच्या गावात कट्टा होता, तो शनिवारी संध्याकाळी सहाला. माझी पाळी तेव्हाच. दोन वर्षं मी फक्त त्यांचे फोटो बघितले. मग आम्ही चौघांनी आमचा वेगळा कट्टा सुरू केला, रात्रीची पाळी सुटल्यावर सकाळी आठला, चहाच्या गाडीजवळ. अर्धा तास चालतो. एक जण वाचतो, तिघं ऐकतात. मागाच्या खडखडाटात रात्र काढल्यावर कुणीतरी शांतपणे काही वाचतंय, हे कानाला कसं लागतं ते सांगता येत नाही.

तुमच्याकडे रविवारी चारला कोण मोकळं असतं?

वाशिष्ठीकाठ

दादा, तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यात होता. मी यादी काढून बसले. आमच्या सात जणांत चार निवृत्त, दोन शिक्षक आणि मी. रविवारी चारला दुकानं उघडी असतात, हॉटेलातली मुलं कामावर असतात, आणि ज्यांच्या घरी पाहुणे येतात त्या बायका स्वयंपाकघरात असतात. हे आम्ही बारा वर्षांत एकदाही मांडून बघितलं नव्हतं. पुढच्या बैठकीत वेळ बदलण्याचा विषय घेतेय.

गडगा

मी पूर्वी याच कट्ट्यावर जायचो. ताई, तुम्ही ओळखलं असेल. बरं लिहिताय, पण एक गोष्ट सांगितली नाहीत म्हणून मी लिहितो.

मी कॉलेजात होतो तेव्हा आमच्या वाडीवर एक कविता लिहिली होती. त्यात पाखाडी होती, गडगा होता, पावसाआधीच्या आगोटीची गडबड होती. बोलणं घरातल्यासारखं होतं. वाचून झाल्यावर एका ज्येष्ठांनी कागद मागून घेतला आणि पेन्सिलीने पाखाडीच्या जागी 'पायवाट' लिहिलं, गडग्याच्या जागी 'कुंपण'. म्हणाले, आता प्रमाण झाली. त्यांच्या मनात वाईट नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं. पण पाखाडी म्हणजे पायवाट नव्हे. पाखाडीला जांभ्या दगडाच्या पायऱ्या असतात, पावसात त्यांवर शेवाळ धरतं, आणि माझी आजी हंडा घेऊन तिथेच घसरली होती. तो शब्द काढला की कवितेतून आजी गेली. मी नंतर आलो नाही.

वाशिष्ठीकाठ

ओळखलं रे. आणि हे मी लिहायला हवं होतं, तुझं खरं आहे. त्या दिवशी मी खोलीत होते आणि गप्प बसले.

तू यायचा थांबलास त्यानंतर आम्ही मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम काढून एका बैठकीत वाचले. चौदा नियम १९६२ चे, मग १९७२ मध्ये चार वाढवले, असे अठरा. त्यातच म्हटलंय की कुणाच्या बोलण्याचं जसंच्या तसं चित्रण करायचं असेल तर उच्चाराप्रमाणे लिहायला हरकत नाही. आणि ऱ्हस्व-दीर्घाचा नियम शब्द कसा लिहायचा ते सांगतो, कुठला शब्द वापरायचा ते सांगत नाही. ज्या सरांनी तुझा कागद घेतला होता त्यांनीच तो नियम मोठ्याने वाचला. तुझ्या घरी येऊन बोलायचं असं ते दोनदा म्हणाले, पण गेले नाहीत. मीही गेले नाही.

आता आमच्याकडे दुसऱ्याच्या कागदावर लिहायचं नाही असा नियम आहे. शब्द अडला तर विचारायचं, "हे काय असतं?" लिहिणारा सांगतो. कधी कधी त्या सांगण्यातच पुढची कविता असते.

येशील का परत? वेळ तुला विचारून ठरवू.

रानवाटा

प्रमाणपत्राबद्दल थोडं वेगळं मत मांडते. माझी आई चौथी शिकलेली. साठीनंतर लिहायला लागली, शेतावरचं, बैलांवरचं. तालुक्याच्या एका कविसंमेलनात तिला प्रमाणपत्र मिळालं. ते चौकट करून टीव्हीच्या वर लावलंय. वडिलांनी त्याआधी तिच्या वहीला 'चिटोरे' म्हटलं होतं, त्यानंतर म्हटलं नाही. त्या कागदाने घरातलं तिचं स्थान बदललं. त्यामुळे सरसकट नाही म्हणताना माझ्या आईसारख्या बायका डोळ्यांपुढे ठेवा.

फी घेऊन सन्मान द्यायला माझाही विरोधच आहे.

वाशिष्ठीकाठ

हे वाचून मी माझं मत थोडं बदललं. फी नको, हे पक्कं. पण वर्षातून एकदा घरच्यांना बोलावून वाचन करू शकतो. नवरा, सासू, मुलं समोर बसलेली असताना वाचायचं. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा, आणि बैलांवरचं काही इथे टाकता आलं तर टाका.

विश्वामित्रीकाठ

ताई, तुमच्या नावाला जोडून घेतलंय, मी वडोदऱ्याची. आमच्या पाच पिढ्या इथे. मराठी घरात बोलतो, पण मुलं शाळेत गुजराती आणि इंग्रजी शिकतात. आमच्या बैठकीला तीन तरुण येतात, त्यांना देवनागरी सरसर लिहिता येत नाही. ती मुलं मराठी गोष्ट गुजराती लिपीत लिहून आणतात आणि वाचून दाखवतात. कागद हातात घेतला तर गुजराती, डोळे मिटून ऐकलं तर अस्सल मराठी. पहिल्यांदा आमच्यातले दोघं-तिघं नाराज झाले होते. मी म्हटलं, मराठी कित्येक शतकं मोडीतही लिहिली गेलीच ना. आता त्यांतल्या एकीने स्वतःच देवनागरीत उतरवायला घेतलंय, रोज एक पान.

त्यामुळे आमच्याकडे कागद वाटायची पद्धत नाही. सगळं कानावर.

स्पष्ट_बोल

सगळं वाचलं. पण एक विचारतो, आणि मनापासून विचारतो. आज लिहिलेलं दोन मिनिटांत शंभर लोकांपर्यंत जातं. प्रतिक्रिया लगेच येते. महिन्यातून एकदा बाकावर बसून सात जणांना ऐकवायचं, त्यासाठी वीस किलोमीटर यायचं, याचा नेमका उपयोग काय? मी दोन कट्टे पाहिले. एका ठिकाणी नुसतं कौतुक, दुसऱ्या ठिकाणी माझ्या कथेच्या चिंधड्या. घरी येऊन मी आठ महिने काही लिहिलं नाही.

तिसरी_पाळी

चिंधड्या करणारे सगळीकडे भेटतात. आम्ही एक करतो, बोलणाऱ्याने आधी गोष्ट काय होती ते आपल्या शब्दांत सांगायचं. ज्याने नीट ऐकलं नाही त्याला तेच जमत नाही, मग पुढचं मत तो आपोआप आवरतं घेतो.

जुळारी

पुस्तिकेबद्दल कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. आमचा छापखाना वडिलांपासून, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्याच्या काळापासूनचा.

पानांची संख्या सोळाच्या पटीत धरा, कारण फॉर्म, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला कागद, सोळा पानांचा असतो. चौसष्ट पानांपर्यंत मध्ये पिन मारून काम होतं, त्यापुढे पाठ चिकटवावी लागते. आकार डेमी ठेवा, कागद कमी वाया जातो. मजकूर युनिकोडमध्येच द्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर बदलून घेतला की रफार उड्या मारतात, 'ऱ्या' तुटतो, आणि ते प्रत्येक पानावर डोळ्यांनी शोधावं लागतं. मुद्रितं तीनदा तपासा, त्यांतलं एकदा मोठ्याने वाचून. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, हवा असेल तर तो भारतात सरकारी संस्थेकडून मोफत मिळतो. त्यासाठी पैसे मागणारे भेटतील, देऊ नका.

आणि "प्रातिनिधिक संग्रह, तुमची कविता निवडली आहे, फक्त दहा प्रती विकत घ्या" असा निरोप आला तर हात जोडा. माझ्या सख्ख्या मावशीने पैसे भरले, पुस्तक आलं, त्यात तिच्या कवितेखाली दुसऱ्याचं नाव होतं.

तुमच्या पुस्तिकेत काय आहे?

वाशिष्ठीकाठ

जुळारी काका, फार उपयोगी लिहिलंत. पुस्तिकेत काय आहे ते सांगते, आणि त्यातच 'स्पष्ट बोल' यांच्या प्रश्नाचं माझं उत्तर आहे.

आमच्या कट्ट्यावर एक काकू आहेत. वय आता ऐंशीच्या पुढे. त्या ओव्या लिहितात. सासूकडून जात्यावर ऐकलेल्या चालीवर, पण शब्द स्वतःचे. दर बैठकीला तीन-चार ओव्या घेऊन यायच्या आणि वाचायच्या नाहीत, म्हणायच्या. आठ वर्षांत तीन दोनशे पानी वह्या भरल्या. शाईच्या पेनाने, कारण बॉलपेनने हात दुखतो म्हणायच्या.

२२ जुलै २०२१ चा पूर बाहेरच्यांनी टीव्हीवर पाहिला असेल. २००५ चा अनुभव होता, तरी पाणी इतकं चढेल असं कुणाला वाटलं नव्हतं. १८६४ पासून चालत आलेलं आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, त्यातही पाणी शिरलं. काकूंचं घर बाजारपेठेच्या बाजूला, तळमजला. त्यांना शेजाऱ्यांनी वर नेलं. वह्या पलंगाखालच्या ट्रंकेत राहिल्या.

चार दिवसांनी आम्ही गेलो. ट्रंक उघडली तर आत चिखल. वह्या विटेसारख्या जड झाल्या होत्या. पान सुटं करायला सुरीचं पातं सरकवावं लागत होतं. प्रत्येक पानामध्ये रद्दीचा कागद घालायचा, पंख्याखाली ठेवायचा, तासाने कागद बदलायचा. वीज आली तेव्हा पंखा, नाहीतर पुठ्ठ्याने वारा. मुखपृष्ठाच्या आत नातवाने बॉलपेनने लिहिलेलं काकूंचं नाव स्वच्छ दिसत होतं. आणि आतल्या ओव्या म्हणजे नुसते निळे ढग. शाई धुऊन गेली होती. कुठे एखादा काना, कुठे वेलांटी. काकू एवढंच म्हणाल्या, "जाऊ दे गं, घर धुवायचंय अजून."

ऑक्टोबरात कट्टा पुन्हा भरला. काकू रिकाम्या हाताने आल्या. कुणाला काही वाचावंसं वाटेना. तेव्हा एक सर, तेच, ज्यांनी गडग्याचं कुंपण केलं होतं, एकदम म्हणाले, काकू, तुमची ती पागोळीची होती ना? आणि चालीत म्हणाले,

पागोळीच्या खाली, घागर ठेविली

आणि दुसऱ्या बाकावरून कुणीतरी पुढची ओळ उचलली,

माहेराची वाट बाई, पावसानं अडविली

त्या दिवशी दोन तासांत एकोणीस ओव्या परत आल्या. कुणाला पहिली ओळ आठवत होती, कुणाला नुसती चाल, कुणाला एकच शब्द आणि तो कुठल्या बैठकीत ऐकला ते. एकीला आठवलं की त्या ओवीवर तिने स्वतःच आक्षेप घेतला होता, म्हणून ती लक्षात राहिली. आम्ही दोनदा ऐकायचो म्हणून असेल, चालीमुळे असेल. पुढच्या सात-आठ बैठका आम्ही तेवढंच केलं. एक सांगतो, बाकीचे जोडतात, काकू मान हलवतात किंवा "नाही, तसं नव्हतं" म्हणतात, आणि मी लिहून घेते. शंभराच्या वर झाल्यात. ग्रुपवर त्यांतली एकही नव्हती, काकूंकडे तसला फोनच नाही.

'स्पष्ट बोल' दादा, तुमचे आठ महिने गेले त्याचं मला खरंच वाईट वाटलं. आमच्याकडे ती कथा घेऊन या. वीस किलोमीटर असेल तर स्टँडवर घ्यायला कुणीतरी येईल.

स्पष्ट_बोल

येतो. कथा लांब आहे, चाळीस मिनिटं लागतील.

वाशिष्ठीकाठ

चालेल. त्या दिवशी दुसरं काही ठेवणार नाही.

गडगा

मीही येईन ताई. सकाळी ठेवाल तर बरं, दुपारी दुकान असतं. सरांना सांगा, पाखाडीची कविता अजून आहे माझ्याकडे.

वाशिष्ठीकाठ

सरांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, त्याला आधी वाचू दे.

सकाळी दहा ठरवतेय. तिसरी पाळी दादा, तुमच्यामुळे.

जुळारी काका, आता एक अडचण. एक ओवी आहे, तिची पहिली ओळ सगळ्यांना पाठ आहे:

खाडीच्या पलीकडं, दिवा कोणाचा जळतो

दुसरी ओळ कुणालाच आठवत नाही. काकूंनाही नाही. वही पुन्हा उन्हात धरून पाहिली, त्या जागी एक अनुस्वार तेवढा दिसतो. आम्ही म्हटलं, काकू, नवी ओळ करा, तुमचीच ओवी आहे. त्या नको म्हणाल्या. "तेव्हा जे होतं ते होतं. आता घालीन ती आजची होईल." पण ओवी गाळायचीही नाही म्हणतात. छापताना काय करायचं? ठिपके द्यायचे का?

जुळारी

ठिपके नकोत, वाचणाऱ्याला वाटेल आम्ही काहीतरी कापलं. पहिली ओळ घेतो आणि खाली एका ओळीची जागा कोरी सोडतो, तेवढीच लांब. जुळवताना कुणी ती जागा बंद करू नये म्हणून मजकुरात तिथे खूण करून पाठवा. अनुस्वार ओळीच्या साधारण कुठे होता तेही कळवा.